तलावाकाठचे नवेगावबांध

प्रश्न: हिवाळ्यात गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधला जायचे आहे. जंगल सफारीखेरीज तेथे काय पाहावे?

उत्तर: सर्वप्रथम तलावच पाहावा. डोंगरांमधील पाण्याच्या वाटा मातीच्या बांधांनी अडवून भातशेतीसाठी पाणी साठवण्याचे कोहळी समाजाचे पिढीजात कौशल्य येथे प्रत्यक्ष दिसते, आणि लोकपरंपरा या तलावाचे श्रेय कोलू पाटील कोहळी यांना देते. माझ्या मते हा बांध एखाद्या किल्ल्याइतकाच ऐतिहासिक मोलाचा आहे. पहाटे काठाशी शांत थांबल्यास पाणवनस्पतींच्या तरंगत्या पानांवरून लांब बोटे पसरून चालणारा कमळपक्षी, तसेच स्थलांतरित बदकांचे थवे दिसू शकतात. सभोवतालच्या वनास 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. नवेगावबांधच्याच तालुक्यातील, महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेला प्रतापगडही अवश्य पाहावा.