सात महिन्यांत सोडलेली वाईट कंपनी रेझ्युमेवर दाखवावी की गाळावी?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) सात महिने क्वालिटीला होता, पगार दर महिन्याला लांबायचा, मालक सगळ्यांसमोर शिवीगाळ करायचा म्हणून काम सोडलं, आणि आता चाकणला अर्ज करताना ही नोकरी गाळायची इच्छा आहे.

मालक कसा होता यावरून हे ठरवू नका. आधी पीएफ बघा. पगारातून तो कापला जात असेल तर ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, मेंबर पोर्टलवर यूएएनने (तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकाने) लॉगिन करून 'व्ह्यू'मधली 'सर्व्हिस हिस्ट्री' उघडा. कंपनीचं नाव, लागल्याची आणि सोडल्याची तारीख तिथे दिसते. नव्या नोकरीतही तोच यूएएन पुढे चालतो, आणि पडताळणी करणाऱ्या एजन्सी बऱ्याचदा हाच इतिहास मागतात. म्हणजे नोकरी तिथे नोंदलेली असेल तर ती लपत नाही.

सोडल्याची तारीख रिकामी दिसली तर ते आधी निस्तरा. नाहीतर नव्या कंपनीला तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी कामाला आहात असं दिसतं. जुनी कंपनी दाद देत नसेल तर सोडल्यानंतर दोन महिन्यांनी 'मॅनेज'मधल्या 'मार्क एग्झिट'मधून तारीख स्वतः भरता येते. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. पीएफचा शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा जमा झालाय त्याच महिन्यातली तारीख चालते, आणि चुकीची पडली तर दुरुस्तीला फार हेलपाटे होतात.

आता गाळण्याबद्दल. रेझ्युमेत काय घ्यायचं ते तुमच्या हातात आहे, एखादी नोकरी न लिहिणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. पण कंपनीच्या छापील फॉर्मवर 'आतापर्यंतच्या सर्व नोकऱ्या' असा रकाना आणि खाली तुमची सही असेल, तर तिथे लिहाच. ती माहिती खोटी ठरली तर ऑफर मागे घेतात, रुजू झाल्यावर उघड झालं तर कामावरून काढायला तेवढं पुरतं. आणि मधली फट बुजवायला आधीच्या नोकरीच्या तारखा कधीच ताणू नका. पीएफच्या नोंदीशी ताडलं की ते लगेच पकडलं जातं.

तुमच्या बाबतीत मी ती नोकरी दाखवा असंच सांगेन. सात महिन्यांचं सँड टेस्टिंग (साच्याच्या वाळूची तपासणी), स्पेक्ट्रोचे म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या मशिनचे रिपोर्ट, रिजेक्शनचं विश्लेषण हे चाकणच्या कंपनीला उपयोगाचं काम आहे. शिवाय शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथले सुपरवायझर एकमेकांना ओळखतात, एका फोनवर चौकशी होते. दोन-तीन महिन्यांची नोकरी असती, पीएफ कापला नसता आणि कामही वेगळ्या लाइनचं असतं, तर खुशाल गाळा म्हटलं असतं.

रेझ्युमेत दोनच ओळी द्या, काय तपासत होता आणि कोणत्या मशिनवर. का सोडलं विचारलं तर 'पगार वेळेवर होत नव्हता' एवढंच सांगा. ते बँक स्टेटमेंटवरून दाखवता येतं. शिवीगाळीचा विषय तिथे काढू नका. तो त्रास लहान नव्हता, पण समोरच्याला त्याची खातरजमा करता येत नाही आणि मग सगळी चर्चा तुमच्या कामाऐवजी भांडणावर जाते. रेफरन्सला मालकाऐवजी तुमचं काम पाहिलेला विभागप्रमुख द्या, आधी त्यांना विचारून.

रिलिव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं कंपनीचं पत्र) मिळालं नसेल तर नेमणूक पत्र, राजीनाम्याचा मेल, पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट एकत्र ठेवा. लेटर नाही हे एचआरला पडताळणी सुरू व्हायच्या आधी तुम्हीच सांगा. एजन्सीकडून कळलं तर तेच संशयास्पद वाटतं. दोन्ही नोकऱ्या एकाच आर्थिक वर्षात येत असतील तर आधीच्या पगाराचा तपशील नव्या कंपनीच्या अकाउंट्सला द्या, नाहीतर करसवलत दोन्हीकडे धरली जाते आणि रिटर्न भरताना एकदम रक्कम भरावी लागते.

पगार अजून थकलेला असेल तर कोल्हापुरात सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करा. त्यालाही हीच कागदपत्रं लागतील, म्हणून दोन-दोन प्रती काढा.