आम्ही उभे होतो तिथे पाऊस नव्हता, मग धबधब्याला एकदम लोंढा कसा आला? असं आधी कळतं का?

पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरजच नसते हो, तो वर डोंगरात पडतो. आपल्या सह्याद्रीत वरती बहुतेक काळा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर, आणि जुलै येईपर्यंत ती मातीही भिजून गच्च झालेली, मग पाणी मुरणार कुठं, सगळं घसरत एकाच घळीत उतरतं आणि घळ अरुंद असली की काही मिनिटांत चढतं.

लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातले पाच जण गेले, त्याचा व्हिडिओ पाहिला असेल तुम्ही. प्रवाहाच्या मधोमध खडकावर सगळे एकमेकांना घट्ट धरून उभे, काठावर माणसं आहेत पण कुणालाच काही करता येत नाहीये. मला तो आजही पूर्ण बघवत नाही.

आधी कळतं, पण वेळ फार थोडा मिळतो. नितळ पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, वरून घरघर ऐकू आली, किंवा मघाशी उघडा दिसणारा दगड आता बुडालाय, यातलं एक जरी दिसलं तरी बॅगा, चपला, सगळं तिथेच टाकून काठावर या आणि तिथूनही वर चढा. ओढ्याच्या कडेने खाली पळू नका, पाणी तुम्हाला गाठतं. पलीकडे अडकलात तर तिकडेच उंचावर थांबा, ११२ ला फोन करा, असे ओढे पाऊस थांबला की बहुतेक वेळा काही तासांत उतरतात. हात धरून साखळी करून यायचं तर अजिबात नको, एकाचा पाय सुटला की बाकीचेही ओढले जातात.

आणि हे फक्त डोंगरातच होतं असं नाही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणारा आंबिल ओढा असाच घराघरात घुसला होता. वाहतं पाणी गुडघ्याच्या खाली असलं तरी धडधाकट माणसाला पाडतं, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात, त्यामुळे फरशी पुलावरून पाणी जात असेल तर पुढची गाडी गेली म्हणून आपली घालू नका, प्लीज.

निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज बघाच, पण पुणे शहराचा नाही, घाटमाथ्याचा, तो वेगळा दिलेला असतो. तिथे ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर त्या दिवशी धबधबा रद्द करा.