ब्रेल शिकवायला फोन: लिहिण्यापुरता हो, वाचण्यासाठी नाही

तिसरी-चौथीची पाच मुलं, हाताशी एक साधा अँड्रॉइड फोन, ब्रेलर (ब्रेलचा टाइपरायटर) परवडत नाही. मग फोनवरच ब्रेल शिकवता येईल का आणि ॲप कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

वेगळं ॲप शोधत बसू नका. टॉकबॅकमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीत, २०२० पासून सहा ठिपक्यांचा ब्रेल कीबोर्ड आहे (एका ठिपक्याला एक बोट) आणि तो फुकट आहे. टॉकबॅकच्या सेटिंगमधल्या ब्रेल कीबोर्डच्या भाषांत मराठी दिसली तर ती निवडा, नाहीतर हिंदी चालेल. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या सामाईक ब्रेलमध्ये, देवनागरी अक्षरांचे ठिपके तेच राहतात. मराठी आवाज आधीच डाउनलोड करून ठेवा, म्हणजे वर्गात नेट नसलं तरी अडत नाही.

त्याआधी फोनची परीक्षा घ्या, कारण अनेक स्वस्त फोन इथेच नापास होतात. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करा, टॉकबॅक बंद ठेवा आणि सहा बोटं एकदम स्क्रीनवर टेकवा. वरच्या पट्टीतला ‘पी’पुढचा आकडा ५ वरच थांबला तर त्या फोनवर ‘ढ’ कधीच उमटणार नाही, कारण त्याला सहाही ठिपके लागतात. ‘ट’ला पाच लागतात, तो निघेल. मुलाला वाटतं आपलंच बोट चुकतंय, म्हणून ही तपासणी टाळू नका.

दुसरी अडचण तीन बोटांनी स्क्रीनशॉट घ्यायच्या सोयीची. अनेक फोनांत ती आधीपासूनच चालू असते आणि एका हाताची तीन बोटं टेकली की टायपिंग मध्येच तुटतं. ती बंद करा. जाड कडांचं कव्हरही काढून ठेवा.

फोन आडवा, स्क्रीन मुलाच्या विरुद्ध बाजूला. ब्रेल अक्षराच्या डाव्या स्तंभातले ठिपके वरून खाली १-२-३, उजव्यातले ४-५-६; म्हणून डाव्या हाताला १-२-३, उजव्याला ४-५-६. एका बोटाने उजवीकडे सरकवलं की जागा सुटते, डावीकडे सरकवलं की अक्षर पुसतं. दोन बोटांनी डावीकडे सरकवलं तर अख्खा शब्द जातो. ‘ह’ दाबलं आणि फोन ‘ज’ म्हणाला, ‘ए’चा ‘इ’ झाला, ‘न’चा ‘ड’ झाला, तर मुलाला रागावू नका. फोन टेबलावर ठेवायच्या मोडमध्ये गेलाय आणि दोन्ही स्तंभांची अदलाबदल झालीय. ही अक्षरं एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं आहेत, त्यामुळे चूक चटकन ओळखू येते. याच कारणाने ठिपके ‘डावा-उजवा’ म्हणून शिकवू नका, क्रमांकानेच शिकवा. ब्रेल पाटीत कागद अडकवून स्टायलसने, म्हणजे टोचणीने, मागच्या बाजूने उजवीकडून डावीकडे टोचताना १ उजवीकडे येतो, आणि डाव्या-उजव्यावर घोकलेलं मूल तिथे हमखास गोंधळतं.

सुरुवात बाराखडीच्या क्रमाने नको. अ (१), ब (१-२), क (१-३), ल (१-२-३), म (१-३-४) एवढ्यावर ‘कमल’, ‘बकल’ असे शब्द होतात. मग काना-मात्रा: स्वराचं चिन्ह व्यंजनानंतर येतं, म्हणून ‘काम’ म्हणजे क, आ, म. जोडाक्षरात ठिपका ४ आधी येतो: ‘पुस्तक’ म्हणजे प, उ, ४, स, त, क. डोळ्यांनी वाचून देवनागरी शिकलेले शिक्षक तो ‘स’नंतर घालतात आणि मुलांना चुकीचं वळण लागतं. ‘नऊ’मध्ये न आणि ऊ यांच्या मधे ‘अ’ घालावा लागतो, तो राहिला तर फोन ‘नू’ वाचतो. अशी चूक तिथल्या तिथे ऐकू येणं हाच फोनचा खरा फायदा. पाटीवर ती कागद उलटून बोट फिरवेपर्यंत कळत नाही.

पण काच सपाटच असते. बोटांना उठावाची सवय फोन कधीच लावणार नाही, आणि फक्त फोनवर वाढलेलं मूल ब्रेल टाइप करतं पण वाचू शकत नाही. म्हणून फोन एकाच्या हाती असताना बाकी चौघांपुढे पाटी आणि स्टायलस हवेतच. कागद १२० ते १४० जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) घ्या. वहीच्या पातळ पानावरचे ठिपके दोन-तीनदा बोट फिरलं की बसतात. ब्रेलचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर उंच असतो, तेवढा उठाव टिकायला जाड कागदच लागतो. फोनवर आज लिहिलेलेच शब्द तुम्ही पाटीवर टोचून दुसऱ्या दिवशी वाचायला द्या. इथे फोन खिशात ठेवा, नाहीतर मुलं आधी आवाज ऐकतात आणि बोट नुसतं फिरवतात.