आधी ठरव, सल्ला कोणत्या सरकारला द्यायचा

प्रिय ऋषिकेश,

तू लातूरला एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहेस. अमेरिकेत राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करायचं, तिथंच शिकवायचं आणि पुढं तिथल्या सरकारचा सल्लागार व्हायचं, असं तू लिहिलंयस. बाबा पाच एकरांतली दोन एकर विकायला तयार आहेत. "ताई, हे जमण्यासारखं आहे का?" असा तुझा प्रश्न आहे.

अर्धं जमण्यासारखं आहे. अभ्यासक होण्याची वाट अवघड असली तरी उघडी आहे. सल्लागार होण्याची वाट मात्र भारतीय पासपोर्टवर जवळजवळ बंद आहे, आणि एलएलएमच्या माहितीपत्रकात हे कुणी ठळक अक्षरांत छापत नाही. म्हणून मी आधी तेच सांगते.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या नियमित नोकऱ्या १९७६ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशानं नागरिकांपुरत्या ठेवल्या आहेत. सुरक्षा कायद्याचा सल्ला द्यायचा म्हणजे गोपनीय कागद वाचायला हवेत, आणि ते वाचण्याची परवानगी नागरिकालाच मिळते. आता क्रम बघ. एलएलएमनंतर १ वर्ष काम करता येतं. मग एच-१बी हा नोकरीचा व्हिसा. त्याच्या वर्षाला ८५ हजार जागा, त्यासाठी सोडत. विद्यापीठांना मात्र या मर्यादेतून सूट आहे. मग ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, ज्यात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यानं भारतात जन्मलेल्यांची रांग कित्येक वर्षांची आहे. ते मिळाल्यावर साधारण ५ वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज. आणि ते नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार तुझं भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. म्हणजे या पेशात सरकारच्या खोलीत पाऊल टाकेपर्यंत उमेदीची वर्षं निघून गेलेली असतात.

तू ज्यांची नावं घेतलीस त्यांच्याकडे याच नजरेनं बघ. हॅरॉल्ड कोह १९८३ ते १९८५ न्याय खात्यात होते, मग येलला प्राध्यापक, मग हैतीच्या निर्वासितांसाठी सरकारच्याच विरोधात खटला, पुढं येलचे डीन, आणि २००९ ते २०१३ परराष्ट्र खात्याचे कायदेशीर सल्लागार. नील कत्याल जॉर्जटाउन विद्यापीठात शिकवत असताना, ग्वांटानामोच्या अमेरिकी तुरुंगातल्या कैद्यांवर खटले चालवणाऱ्या लष्करी आयोगांविरुद्ध लढले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. पुढं तेच प्रभारी सॉलिसिटर जनरल, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणारे वकील, झाले. एकाचे आईवडील कोरियातून आलेले, दुसऱ्याचे भारतातून, पण हे दोघं जन्मानंच अमेरिकन. विद्यापीठातून सरकारात आणि सरकारातून पुन्हा विद्यापीठात अशी ये-जा तिथं सहज चालते, पण ज्याच्याकडे नागरिकत्व आहे त्याचीच.

नागरिकत्व मिळाल्यावर काय होतं तेही मी जवळून पाहिलंय. माझे एक सहकारी मूळचे जालन्याकडचे. नागरिक झाल्यावर त्यांनी सरकारी पदासाठी अर्ज केला आणि सुरक्षा तपासणीचा तो शंभराहून अधिक पानांचा फॉर्म आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरला. परदेशातले जवळचे नातेवाईक कोण, त्यांच्याशी बोलणं किती वेळा होतं, परदेशात मालमत्ता काय, त्यातला हिस्सा किती, आज तिची किंमत काय. त्यांनी गावाकडून सातबारा मागवला. त्यावर वडिलांनंतर वारस लागलेले हे, दोन चुलते, आत्या आणि एका मयत चुलत्याची मुलं. वाटणी झालेली, पण फेरफार झालेला नाही. कोरडवाहू रानातला आपला हिस्सा नेमका किती, हे तलाठ्यालाही सांगता येईना. एक रकाना भरायला त्यांचे कित्येक आठवडे गेले. लपवलं असतं तर गुन्हा झाला असता, म्हणून त्यांनी प्रत्येक नाव नात्यासह लिहून दिलं. परवानगी मिळाली. पण आता गोपनीय विषयाला स्पर्श करणारा प्रत्येक लेख त्यांना छापण्याआधी सरकारकडे तपासायला द्यावा लागतो, आणि पद सोडल्यावरही हे बंधन सुटत नाही. अभ्यासकाला ही किंमत फार मोठी वाटते. मला तरी वाटते.

मी स्वतः विद्यापीठात संशोधन करते. माझ्याकडे कोणतीही परवानगी नाही आणि माझं त्यावाचून अडत नाही, कारण या विषयातलं बरंचसं मोलाचं काम उघड्या कागदांवरच होतं. निकालपत्रं, संसदीय समित्यांचे अहवाल, कायद्यांच्या दुरुस्त्या, न्यायालयात दाखल झालेली शपथपत्रं. जो ते चिकाटीनं वाचतो त्याला सरकारचे वकीलही वचकून असतात. पण प्राध्यापकाची कायम नोकरी हवी असेल तर एक वर्षाचं एलएलएम पुरत नाही. तिथले बहुतेक कायद्याचे प्राध्यापक ३ वर्षांची जेडी ही तिथली कायद्याची मूळ पदवी केलेले, एखाद्या न्यायाधीशाकडे उमेदवारी केलेले, आणि नोकरीआधीच दोन-तीन चांगले शोधनिबंध छापलेले असतात. एलएलएमवाल्याला त्यापुढं डॉक्टरेट करावी लागते. फक्त वकिली करायची असेल तर न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाची बार परीक्षा आपल्या पदवीधरांना अटींसह देता येते, पण तुझा तो हेतू दिसत नाही.

ब्रिटनचंही विचारलंयस. तिथं सनदी सेवेतली बरीच पदं राष्ट्रकुलातल्या नागरिकांना, म्हणजे आपल्यालाही, खुली आहेत. सुरक्षेची संवेदनशील पदं राखीव असतात, आणि तपासणीसाठी साधारण ५ वर्षांचं तिथलं वास्तव्य बघतात. अमेरिकेपेक्षा दार थोडं किलकिलं आहे इतकंच.

आता मला मनापासून सांगायचंय ते. तुझ्या पत्रात ग्वांटानामो आहे, ड्रोन आहेत, पण औरंगाबाद खंडपीठ नाही. तिथल्या फौजदारी बोर्डावर एमपीडीएच्या, म्हणजे राज्याच्या धोकादायक कृत्यांना प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या, स्थानबद्धतेविरुद्धच्या याचिका बघ. १९८१ चा हा कायदा झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी केला, पुढं त्यात वाळूतस्कर आले, आणि गोदावरीकाठच्या जिल्ह्यांत त्याचा अर्थ काय होतो हे तुला वेगळं सांगायला नको. खटला न चालवता माणूस १२ महिन्यांपर्यंत आत राहू शकतो. घटनेच्या कलम २२(५) नुसार त्याला कारणं कळवायला हवीत आणि निवेदन करण्याची संधी द्यायला हवी. नागपूरच्या एका स्थानबद्धाला न समजणाऱ्या इंग्रजीत कारणं दिली म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये हरिकिसन प्रकरणात त्याला सोडलं. आज आदेशासोबतच्या किती प्रती वाचण्याजोग्या असतात, निवेदनावर निर्णय किती दिवसांनी होतो, किती आदेश याच कारणावर रद्द होतात, हे कुणीतरी नीट मोजून मांडायला हवं. तू मांड. २००६ चा वेरूळचा शस्त्रसाठा तर तुमच्या पिढीनं ऐकलेला आहेच. २०१६ मध्ये विशेष न्यायालयानं मोक्काची, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याची, कलमं काढून इतर कायद्यांखाली शिक्षा दिल्या. मोक्का का टिकला नाही, यावर एक आख्खा निबंध होतो.

आणि १७ सप्टेंबर, आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आपण दरवर्षी झेंडावंदन करतो, पण हैदराबादचा प्रश्न १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढं होता हे शाळेत फारसं सांगत नाहीत. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली आणि १६ तारखेला विषय परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आला. निजामाचा घटनात्मक सल्लागार सर वॉल्टर मॉन्कटन नावाचा इंग्रज बॅरिस्टर होता. निजाम आणि भारत यांच्यातल्या नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे कराराच्या वाटाघाटींत तो होता. संस्थान, सार्वभौमत्व, देशांतर्गत बाब, बळाचा वापर, हा सगळा अभ्यासक्रम आपल्याच मातीत घडून गेलाय. तिथल्या प्रवेश समितीला ड्रोनवरचे निबंध ढिगानं येतात. उर्दू आणि मराठी कागद वाचू शकणारा, हैदराबादवर लिहिणारा अर्जदार त्यांना सहज भेटत नाही. आजोबांना मोडी किंवा उर्दू येत असेल तर आत्ताच शिकून घे.

सल्लागारच व्हायचं असेल तर भारत सरकारचा हो, असं मी स्पष्ट म्हणेन. परराष्ट्र मंत्रालयाच्या विधी व करार विभागात यूपीएससीमार्फत विधी अधिकारी घेतात. सैन्याची जॅग, म्हणजे विधी, शाखा कायद्याच्या पदवीधरांना थेट अधिकारी म्हणून घेते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळावर कायद्याची माणसं गेलेली आहेत. बिमल पटेल यांनी नेदरलँड्समध्ये शिक्षण घेतलं, हेगमध्ये रासायनिक अस्त्रबंदीच्या संघटनेत काम केलं, परत येऊन गांधीनगरच्या राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगावर निवडून आले. परदेश त्यांच्याही वाटेत आला, पण तिथं ते थांबले नाहीत.

पैशाचं थोडक्यात. वॉशिंग्टनच्या नामांकित विद्यापीठात एलएलएमचं नुसतं शुल्क ७० हजार डॉलरच्या वर आहे. राहणं-खाणं धरून आकडा ८० लाखांच्या पुढं जातो. त्यासाठी दोन एकर विकू नका. अमेरिकेसाठीची फुलब्राइट-नेहरू आणि ब्रिटनसाठीची चेव्हनिंग या दोन्ही शिष्यवृत्त्यांत शिक्षणानंतर २ वर्षं मायदेशी राहण्याची अट आहे, आणि भारताकडे परतायचं ठरलं असेल तर ती अट तुझ्या सोयीचीच आहे. फुलब्राइटला ३ वर्षांचा आणि चेव्हनिंगला २ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तुझ्या वर्गात कुणी पात्र असेल तर त्यालाही सांग.

म्हणून वकिलीची सनद घे आणि खंडपीठात फौजदारी काम करणाऱ्या एखाद्या चांगल्या वकिलांकडे ज्युनिअर म्हणून बस. दर आठवड्याला स्थानबद्धतेचे निकाल उतरवून काढ: आदेशाची तारीख, कारणं, निवेदन, निकाल. वर्षभरात निबंधापुरता माल जमेल. पहिला मसुदा तयार झाला की मला पाठव, तळटीपांसकट. मी ओळ न ओळ वाचून देईन. बाबांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
ताई