रंग धुळवडीला की रंगपंचमीला? आणि पळसाचा रंग चढत का नाही?

विचारलंय दोन्ही एकदमच: रंग नक्की कधी खेळायचा, आणि घरी उकळलेल्या पळसाचं नुसतं पिवळट पाणी का होतं.

पहिलं सोपं आहे. फाल्गुन पौर्णिमेला होळी, दुसऱ्या दिवशी तिच्या राखेची धुळवड, रंग वद्य पंचमीला. २०२५ साली होळी १३ मार्चला होती, रंगपंचमी १९ला. मुंबई-पुण्याने रंग धुळवडीवर ओढून आणला, कारण सुट्टी त्या दिवशी. नाशकात अजून पंचमीच. तिथल्या पेशवेकालीन दगडी रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, वर्षभर रस्त्याखाली बुजवलेल्या असतात. त्या उकरतात, पूजा करतात, उकळलेला रंग ओततात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तिवंधा चौकात पिवळा. काठावरून अंग टाकलं की तो धप्पा. हे पाहिलेल्या माणसाने 'नैसर्गिक रंग फिकेच' म्हणू नये.

आता तुमचं पिवळं पाणी. चुका बहुधा दोन: फुलं न सोलणं आणि शेवटी चुना न घालणं. पळसाच्या फुलाला मागे काळपट, मखमली वाटी असते. ती तशीच उकळली की रंग गढूळ, मातकट येतो. पाकळ्या ओढून घ्या, वाटी फेका. पाकळ्या सावलीत, कागदावर पसरून वाळवा. ओल्या फुलांची प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली तर दुसऱ्या दिवशी बुरशी.

वाळलेल्या १०० ग्रॅम पाकळ्यांना २ लिटर पाणी (ताज्या असतील तर अर्धा किलो). रात्रभर भिजत घाला, सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर वीसेक मिनिटं उकळा. पातेलं स्टीलचं, लोखंडी कढईत रंग काळवंडतो. गाळून गार झालं की पानाला लावतात तो चुना, हरभऱ्याएवढा, वाटीभर पाण्यात कालवून वरची निवळी थोडी थोडी घाला. पिवळ्याचा केशरी इथे होतो, डोळ्यांसमोर. हीच पायरी लोक गाळतात आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर पळसाला नावं ठेवतात.

'पण दोन आंघोळींत निघून जातो' ही तक्रारही दरवर्षीची. निघायलाच हवा! चार दिवस घासून न निघणारी पुडी कसली असते ते पुडीवर लिहिलेलं नसतं.

हां, अंगावरून निघतो म्हणून कपड्यावरून निघेल असं नाही. पांढरा सदरा गेलाच समजा. चुना जास्त पडला तर कातडी चुरचुरते, पिचकारी डोळ्यांत गेली तर फारच. रंग आदल्या दिवशीच करा. दोन-तीन दिवस ठेवला तर आंबून वास मारतो. आणि फुलं झाडाखाली पडलेली वेचा, फांद्या मोडू नका.