ईस्टरची अंडी चार-पाच वर्षांच्या मुलांसोबत, विकतच्या रंगाशिवाय कशी रंगवावीत?

कांद्याची सालं वापरा. आठ-दहा कांद्यांची सुकी सालं 1 लिटर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, गार झाल्यावर 2 चमचे व्हिनेगर घाला. घरभर वास सुटतो, त्याला इलाज नाही. पांढरी अंडी आधीच उकडून ठेवा. फ्रीजमधली थेट उकळत्या पाण्यात टाकलीत तर तडकतात. मुलांची खरी गंमत पुढे: कोथिंबिरीचं ओलं पान अंड्यावर चिकटवायचं, जुन्या नायलॉनच्या मोज्याच्या तुकड्यात अंडं घट्ट आवळायचं (गाठ तुम्हीच मारा) आणि पाऊण तास रंगात बुडवायचं. पान सैल राहिलं की रंग खाली शिरून नक्षी फिसकटते. तेलकट हात लागले तर तिथे रंग धरत नाही. अंडी खायची असतील तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा.