मका करपलाय, आता फवारू का नको?

प्रश्न: दोन एकर खरीप मका आहे, कणसाचे केस वाळलेत, दाणा दुधात आहे. आठवडाभर पाऊस नि धुई, खालची पानं पार करपली, आता वरपण लांबुळके डाग दिसतायत. दुकानदार म्हणतो दोन औषधं मिक्स करून लगेच मारा, शेजारचा म्हणतो आता काय उपयोग. कोणाचं ऐकू?
– एक शेतकरी, कन्नड तालुका

उत्तर: भाऊ, आधी शेताच्या आत शिरा, बांधावरून बघू नका, आणि कणसाजवळचं पान नि त्याच्या वरची पानं तपासा कारण दाणा भरतो तो मुख्यतः ह्याच पानांवर. खालची दोन-चार गेली तर एवढं जिवाला लावून घेऊ नका. खालचं पान शेंड्यापासून मधल्या शिरेने इंग्रजी व्ही सारखं पिवळं पडत आलं असेल तर तो रोगच नाही, नत्र कमी पडलंय, त्याला बुरशीनाशक मारून काय होणार!

करप्याचा डाग राखाडी-तपकिरी, दोन्हीकडे निमुळता, कधी वीतभर पण होतो. तांबेरा हा वेगळा रोग, त्याचे बारीक फोड असतात, बोट फिरवलं की विटकरी पावडर लागते.

आता तुमच्या दाण्यात दूध आहे आणि डाग वर चढतायत, म्हणजे एक फवारणी अजून परवडते, पण दोन-चार दिवसांतच, उघडीप बघून. अॅझोक्सिस्ट्रॉबिन १८.२ अधिक डायफेनोकोनॅझोल ११.४ टक्के हे तयार मिश्रण लिटरला १ मिली पुरे, यातच दोन औषधं आहेत, वर तिसरं कशाला? दाण्याला खळगा पडला असता, म्हणजे दाणा पक्व होत आला असता, तर मात्र मीच म्हटलं असतं की पैसे खिशात ठेवा, शेजारी तेव्हा बरोबर ठरला असता.

वरची पानं लवकर गेली तर झाड दाण्यासाठी ताटातलं (म्हणजे खोडातलं) अन्न ओढतं, ताट पोकळ होतं आणि वाऱ्यात आडवं पडतं. म्हणून खालच्या पेऱ्याला चिमटीत दाबून बघत रहा, मऊ लागलं तर दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका आला (म्हणजे दाणा पक्का झाला) की लगेच कणसं मोडून घ्या, ताटावर वाळायची वाट बघू नका. वैरण जनावरांना घालणार असाल तर फवारणीनंतर औषधाच्या लेबलवर थांबायला सांगितलेले दिवस जाऊ द्या. आणि करपा धसकटात टिकतो (तांबेरा वाऱ्याने येतो, त्याचं तसं नाही), तेव्हा त्या वावरात पुढच्या खरिपाला मका नको, सोयाबीन नायतर कापूस घ्या.